न्हाणीघरातली फरशी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या न्हाणीघराचे काम काढले. निमित्त आईचे. पंचाहत्तरी ओलांडलेली आई एका सकाळी पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत फरशीवरून घसरली. मनगटावर निभावले, पण त्या दिवसापासून ती भिंतीला धरून आत जाऊ लागली. मी फरशीच्या दुकानात गेलो, तर शेकडो नमुने समोर मांडलेले. दुकानदार विचारू लागला, ‘रंग कोणता? मांडणी कशी? उभी, आडवी, तिरकी?’ मी पेशाने इतिहासाचा मास्तर. मला भलताच प्रश्न पडला. न्हाणीघर पांढरेच असावे, असे आपल्याला मुळात सांगितले कोणी?

मांडणीचा इतिहास रंगापेक्षा पुष्कळ जुना आहे, तेव्हा आधी तो पाहू. मोहेंजोदडोचे उत्खनन १९२० नंतरच्या दशकात झाले, आणि साडेचार हजार वर्षांपूर्वीची न्हाणीघरे उजेडात आली. एकदोन नव्हेत, बहुतेक घरांतून! साधारणपणे रस्त्याकडेच्या भिंतीला लागून भाजक्या विटांचा एक ओटा, त्याला एका बाजूला उतार, आणि तिथून पाणी थेट रस्त्यावरच्या गटारात. यातली खरी गंमत विटांच्या जोडणीत आहे. इतर भिंतींच्या विटा साधारण बसवलेल्या, पण न्हाणीच्या ओट्याच्या विटा मात्र कडा घासूनपुसून इतक्या घट्ट बसवलेल्या की सांध्यात पाणी मुरू नये. तिथल्या प्रसिद्ध मोठ्या स्नानकुंडात तर विटा कडेवर उभ्या लावल्या आहेत, सांध्यांत जिप्सम भरले आहे आणि मागच्या बाजूला डांबराचा थर दिला आहे. म्हणजे त्या अनाम गवंड्यांनी दोन गोष्टी पक्क्या ओळखल्या होत्या. पाणी फरशीतून शिरत नाही, सांध्यातून शिरते. आणि उतार चुकला की बाकी सगळे व्यर्थ.

आमच्या लहानपणची मोरी आठवा. तांब्याचा बंब, घंगाळ, बसायला पाट किंवा सरळ दगड, आणि खाली शहाबादी फरशी. तिथे रंग निवडण्याचा प्रश्नच नव्हता. शहाबादच्या खाणीने दिला तो करडा रंग आपला. ती फरशी दिसायला ओबडधोबड, पण अंगात खरखरीतपणा असल्यामुळे पायाला धरून ठेवणारी. शेवाळ धरली की मात्र तिच्यासारखी वैरीण नाही, हेही कबूल केले पाहिजे.

रंगाचा थाट आला इंग्लंडातून, आणि तो न्हाणीघरात नव्हे, देवळांत आणि वस्तुसंग्रहालयांत आला. १८४० साली रिचर्ड प्रॉसर याने चिनीमातीची कोरडी भुकटी साच्यात दाबून वस्तू घडवण्याचे पेटंट घेतले. ओली माती वाळताना आक्रसते आणि वाकते. कोरडी भुकटी तितकी वाकत नाही. हर्बर्ट मिंटन याने ही युक्ती उचलली आणि एका मापाच्या, सरळ कडांच्या फरशा हजारोंनी निघू लागल्या. आज दुकानात आपण नकाशा पुढे ठेवून ‘इथे इतक्या ओळी, तिथे पट्टी’ असे ठरवू शकतो, ते या एकसारख्या मापाच्या जोरावर. मुंबईत भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात गेलात तर मान खाली घालून चाला. १८७२ साली खुल्या झालेल्या त्या इमारतीत मिंटनच्या फरशा आहेत.

मग पांढरा रंग कुठून आला? भीतीतून. १८८४ साली रॉबर्ट कॉख याने कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू सापडला आणि दोनच वर्षांनी, १८९६ च्या पावसाळ्याअखेर, प्लेग मुंबईत उतरला. घरे धुणे, चुना फासणे, सामान जाळणे हा सरकारी खाक्या पुण्यामुंबईच्या लोकांनी कसा भोगला, हे मी इथे पुन्हा सांगत नाही. आपल्या विषयापुरते एवढेच, की रोग डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवामुळे होतो हे एकदा पटल्यावर माणसाला मळ दिसायला हवा असे वाटू लागले. गडद लाकूड, गालिचे, वेलबुट्टीचा कागद हे सारे संशयित ठरले. इस्पितळे, दूधकेंद्रे आणि न्हाणीघरे यांना पांढरी, झिलई दिलेली फरशी लागली. तिच्यावर डाग लपत नाही आणि ओल्या फडक्याने तो निघतो. पांढरा रंग तेव्हा सौंदर्यासाठी आला नव्हता. तो पहारेकरी म्हणून आला होता.

न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ साली सुरू झाली. हाइन्स आणि लाफार्ज या वास्तुविशारदांनी तिच्या स्थानकांच्या भिंतींना सहा इंच लांब व तीन इंच उंच अशा पांढऱ्या फरशा लावल्या. मांडणी विटांच्या भिंतीसारखी, म्हणजे आपले गवंडी जिला सांधेमोड म्हणतात ती. जमिनीखाली उजेड वाढावा आणि जागा स्वच्छ वाटावी हा हेतू. पण नुसत्या पांढऱ्याने काम भागेना. सगळी स्थानके सारखीच दिसली तर उतरायचे कुठे हे प्रवाशाला कळणार कसे? म्हणून रंगीत पट्ट्या आणि चित्रे आली. कोलंबस सर्कलला जहाज, तर अ‍ॅस्टर प्लेसला बीव्हर हा प्राणी, कारण अ‍ॅस्टर घराण्याची संपत्ती त्याच्या कातड्याच्या व्यापारातली. रंग इथे शोभेसाठी नाही, वाट दाखवण्यासाठी आला. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे मला ती उपयोगी पडली.

आपल्याकडे तोवर अशी फरशी बरीचशी विलायतेहून येई. १९२२ साली स्वदेशीच्या वाऱ्यात फिरोजशा सिधवा यांनी भारत टाइल्सचा कारखाना काढला. या सिमेंटच्या फरशा भट्टीत भाजत नाहीत. पितळी साच्याच्या कप्प्यांत रंगीत सिमेंट ओततात, मागे कोरडे सिमेंट व वाळू घालून यंत्राने दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात. रंगाचा थर चांगला जाड, त्यामुळे दोन पिढ्यांच्या पायांनीही नक्षी जात नाही. जुन्या मुंबईच्या इमारतींत अशी फरशी अजून तळपायाला गार लागते. झिलईच्या फरशीचे उलट आहे. तिचा रंग वरच्या पातळ थरात असतो. तो चकचकीत खरा, पण टवका उडाला की खालची माती दिसते. पुढे १९२७ साली अमेरिकेत कोहलर कंपनीने रंगीत टब आणि बेसिने बाजारात आणली आणि गुलाबी, हिरव्या न्हाणीघरांची फॅशन सुरू झाली. तिने किती घरे रंगवली आणि किती बिघडवली, हा हिशेब मी करत नाही.

एवढे सगळे डोक्यात घेऊन मी घरी आलो. आमच्या मिस्त्रीला आधी ओळंबा, गुण्या काढायला लावले आणि उतार धरायला सांगितला. त्याने मोठी, दोन फुटी फरशी सुचवली. सांधे कमी, म्हणे धुवायला सोपे. भिंतीला ते मान्य. जमिनीला मात्र मी लहान, खरखरीत फरशी घेतली. सांधे जास्त तेवढा पायाला आधार जास्त, आणि लहान तुकडे उताराशी जुळवूनही घेतात. मोठी फरशी उतारावर बसवायची तर ती कापावी लागते.

राहता राहिला रंग. आईला विचारले, तर म्हणाली, ‘पांढऱ्यावर पांढरं पाणी मला दिसतच नाही रे. उंबरा कुठे संपतो आणि जमीन कुठे सुरू होते तेही कळत नाही.’ म्हातारपणी डोळ्याचे भिंग पिवळे पडते आणि निळ्या-हिरव्यातला भेद पुसट होतो. उजळ आणि गडद यांतला ठळक फरक मात्र त्या मानाने ओळखू येतो. मी निळी पट्टी बाजूला ठेवली. जमीन करडी, आपल्या शहाबादीच्या अंगाची, आणि भिंत फिकट. उंबऱ्यावर आणि पाणी जायच्या जाळीभोवती गडद तांबडी पट्टी. मिस्त्री म्हणाला, ‘साहेब, हे मॅचिंग होत नाही.’

आई आता भिंतीला हात न लावता आत जाते. पट्टीपाशी मात्र अजून क्षणभर थांबते, पायाने चाचपते, आणि मग पाऊल टाकते.