हाती आलं धुपाटणं

जेम्स वॉट या गृहस्थाची गोष्ट आम्हाला शाळेत होती. तीत किटली होती, उडणारं झाकण होतं, पोरगं रिकामटेकडं बसतं म्हणून रागावणारी आत्या होती. घोड्याची लीद मात्र नव्हती. ती मास्तरांनी गाळली की पाठ्यपुस्तक मंडळानं, कोण जाणे. पण खरा इतिहास तिथंच आहे.

त्याचं असं झालं. १७६५ साली वॉटला सुधारलेल्या वाफेच्या इंजिनाची कल्पना सुचली. कल्पना सुचायला काही लागत नाही. सिलिंडर गोल लागतो. त्या काळचे कारागीर तो ठोकून ठोकून करत. त्यामुळे तो आमच्याकडच्या पहिल्या पोळीसारखा व्हायचा, म्हणजे गोल म्हटला तर गोल. आत दट्ट्या सरकवला की भिंतीशी फट राहायची आणि सगळी वाफ तिथून पसार. ती फट बुजवण्यासाठी या थोर शास्त्रज्ञाने बुचाची साल कोंबली, तेलात भिजवलेल्या चिंध्या कोंबल्या, जुन्या हॅटा, कागद आणि शेवटी घोड्याची लीदसुद्धा कोंबली. वाफ निसटतच राहिली. अखेर जॉन विल्किन्सन नावाचा तोफा कोरणारा लोखंडवाला भेटला. १७७५ च्या सुमारास त्याने आपल्या यंत्रावर असा सिलिंडर कोरून दिला, की पन्नास इंच व्यासात एका जुन्या शिलिंगच्या जाडीएवढाही फरक पडेना. तेव्हा कुठे औद्योगिक क्रांती मार्गी लागली.

पुढे बरीच वर्षं दट्ट्याभोवती चरबीत भिजवलेला काथ्या गुंडाळत. तो झिजायचा, पुन्हा गुंडाळायचा. मग १८५० च्या दशकात जॉन रॅम्सबॉटम या आगगाडीच्या इंजिनियरने धातूचं कडं केलं आणि त्याला एके ठिकाणी काप दिला. काप दिल्यामुळे कडं स्प्रिंगसारखं बाहेर फाकतं आणि भिंतीला चिकटून राहतं. हीच ती पिस्टनची रिंग. इंजिनात या रिंगांचं काम दुहेरी असतं. वरच्या रिंगांनी स्फोटाचा जोर खाली जाऊ द्यायचा नाही आणि सगळ्यात खालच्या रिंगेने भिंतीवरचं ऑइल खरवडून परत खाली पाठवायचं. ती म्हातारी झाली, की ऑइल वर चढतं, पेट्रोलबरोबर जळतं आणि मागून निळा धूर होऊन बाहेर पडतं. तेल गेलं, तूप गेलं आणि हाती धुपाटणं आलं ही म्हण ज्याने रचली त्याच्याकडे मोटार नसणार, पण वर्णन तंतोतंत आहे.

हा सगळा प्रपंच मला ठाऊक व्हायचं कारण म्हणजे आमच्या दारातली प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या शेंगाच्या चटणीला जसं तेल सुटतं तसं हिलाही सुटू लागलं. पुण्याला जाऊन यायचं, म्हणजे पाचशे किलोमीटर, तर वाटेत लिटरभर ऑइलचा नैवेद्य. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. म्हातारीच्या खोकल्याचं खापर माहेरावर फोडायचं नाही. चाळीसच्या घरातली गाडी, सोलापूरची धूळ आणि त्रेचाळीस अंशांचे उन्हाळे. या भांडवलावर माणसाच्यासुद्धा रिंगा जातात.

आणि माहेर कुणाचं म्हणता? आजोळ इटलीतल्या तुरीनचं, माहेर मुंबईतल्या कुर्ल्याचं. पण मूळ पुरुष आमच्या सोलापूरचा! वालचंद हिराचंद दोशी, जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर. हे वाक्य आम्ही सोलापूरकर छाती पुढे काढून म्हणतो. वालचंदांचं नाव दिलेली कॉलेजं गावात आहेत, त्यामुळे गावातल्या अर्ध्या पोरांना ते कॉलेजचंच नाव वाटतं. घरचा सावकारीचा आणि कापसाचा धंदा सोडून या माणसाने फाटक नावाच्या रेल्वेतल्या कारकुनाशी भागी केली आणि बार्शी लाइट रेल्वेचं कंत्राट घेतलं. पुढे भोर घाटात बोगदे खोदले. मग इंग्रजांच्या जहाज कंपन्यांशी भांडण उकरून काढलं आणि १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. जोडीला नरोत्तम मोरारजी, म्हणजे सोलापूरची जुनी मिल काढणाऱ्या मोरारजी गोकुळदासांचे चिरंजीव. गाव सुटलं तरी गाववाले सुटत नाहीत.

या कंपनीची पहिली बोट 'लॉयल्टी'. ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. म्हणून त्या तारखेला आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. आता माझ्यासारख्याला उभारी देणारी गोष्ट ऐका. ही बोट नवी नव्हती. पाव शतकाहून जुनी, आधी परदेशी कंपनीची, मग ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची आणि महायुद्धात इस्पितळ म्हणून वापरलेली. थोडक्यात, सेकंडहँड! "जुनी गाडी कशाला पोसता?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी लॉयल्टी बोटीचा दाखला देतो. ती चार वर्षांत मोडीत निघाली, हा पुढचा भाग सांगत नाही.

असं विचारणाऱ्यांत आमचे पुण्याचे चिरंजीव अग्रभागी. त्यांच्या म्हणण्याला आधार होता. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची दर पाच वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते. ती मुदत दोन महिन्यांवर आली होती आणि निळा धूर सोडणाऱ्या गाडीला कोण पास करणार? "बाबा, २०२१ पासून सरकारचं गाड्या भंगारात काढायचं धोरण आहे," तो म्हणाला. ते मी वाचलं होतं. फक्त 'भंगार' हा शब्द घरातल्या ज्येष्ठांसमोर जपून वापरावा असं मला वाटतं.

शेजारपाजारचे वैद्य धावून आले. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे पाणी शिरलंय आणि निळा म्हणजे ऑइल, एवढं ज्ञान आता आमच्या गल्लीत लहान मुलांनाही आहे. एकाने सल्ला दिला, जाड ऑइल घाला, धूर थांबतो. थांबतो खरा, थोडे दिवस. जुनी गाडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारताना ही युक्ती पूर्वापार चालत आली आहे. गळ्यात मारायला मला कोणी नव्हतं. दुसऱ्याने एरंडेल सुचवलं. हसू नका. कॅस्ट्रॉल हे नाव 'कॅस्टर ऑइल' म्हणजे एरंडेलावरूनच पडलं; १९०९ साली वेकफिल्ड कंपनीने ऑइलमध्ये एरंडेल मिसळून त्याला ते नाव दिलं. लहानपणी दर रविवारी आमच्या पोटात कोणतं वंगण जात होतं ते हे वाचल्यावर कळलं.

शेवटी मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्री सत्तरीचे, फियाटवरच हात बसलेला. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी या चारही भाषा ते एका वाक्यात वापरतात आणि शिव्यांसाठी पाचवी राखून ठेवतात.

"ऑइल खायलीय की ओ," मी म्हणालो.

"खायलीय का सांडायलीय?" मिस्त्रींनी विचारलं. "आधी ते बगा की साहेब. लोक आधी इंजिन खोलतेत आणि मंग बगतेत की पॅकिंग गळत होतं."

तर पहिली रात्र गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी अग्रलेखावर तीन थेंब. सांडणं एवढंच, म्हणजे बाकीचं खाणंच होतं. आता खातं कोण, रिंगा की व्हॉल्व्ह? व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत वरखाली होते, ती गाइड झिजली तर ऑइल वरून आत ओढलं जातं. ते ओळखायचं तर उतारावर ऍक्सिलरेटर सोडून गाडी गियरमध्ये येऊ द्यायची. आत पोकळी तयार होते आणि ऑइल ओढलं जातं. खाली आल्यावर पाय दिला की मागून निळा ढग. आता सोलापुरात उतार आणायचा कुठून? आमचं गाव म्हणजे परात. म्हणून तुळजापूरचा घाट गाठला. सौभाग्यवतींना देवीचं दर्शन झालं आणि मिस्त्री मागच्या काचेतून धुराचं दर्शन घेत बसले. उतार संपल्यावर पाय दिला तर ढग नाही. पुढे जोर लावून गाडी पळवली तेव्हा मात्र मागचा मोटारसायकलवाला दिसेनासा झाला.

"रिंगा," मिस्त्री म्हणाले.

तरी त्यांनी घाई केली नाही. प्लग काढून एकेका सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. तिसरा बराच खाली होता. त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं तर काटा चढला. ऑइलने तेवढ्यापुरती फट बुजवली, म्हणून दोष रिंगांचाच. व्हॉल्व्ह गळका असता तर काटा हलला नसता. वॉटने तेलाच्या चिंध्या कोंबल्या होत्या, त्याच जातीचा उपाय. फक्त इथे निदानासाठी.

इंजिन खोललं. मिस्त्रींनी माझं बोट धरून सिलिंडरच्या वरच्या कडेला नख लावायला सांगितलं. नख अडकलं. तिथे एक पायरी झाली होती. रिंग जिथवर वर जाते तिथवर भिंत झिजलेली आणि तिच्यावर मूळची कड तशीच. वरच्या टोकाला उष्णता सगळ्यात जास्त आणि ऑइल सगळ्यात कमी, म्हणून झीज तिथेच जास्त. खरवडणाऱ्या रिंगेची भोकं काळ्या खळीने बुजून गेली होती. नुसत्या नव्या रिंगा टाकून भागलं नसतं. लंबगोल झालेल्या सिलिंडरला गोल रिंग काय करणार? सिलिंडर पुन्हा कोरायचा आणि वाढीव मापाचे पिस्टन बसवायचे. म्हणजे परत विल्किन्सनच.

खर्चाचा आकडा मी घरी सांगितला तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एवढ्यात माझ्या बांगड्या झाल्या असत्या." मी म्हटलं, रिंगाच आहेत. विनोद पडला.

पिस्टन मिळतील का ही धास्ती होती. कुर्ल्याच्या कारखान्याची गोष्टही अशीच अडथळ्यांची. युद्धाच्या धामधुमीत वालचंदांनी १९४० साली बंगलोरला विमानांचा कारखाना काढला, १९४१ साली विशाखापट्टणला जहाजांचा. मोटारीचं मात्र सरकार म्हणालं, युद्धाला तिचा उपयोग नाही. तरी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली आणि १९४७ पासून अमेरिकन गाड्यांची जुळणी सुरू झाली. १९५३ च्या सुमारास सरकारने सांगितलं, नुसती जुळणी नको, गाडी इथेच बनवा. तेव्हा फोर्ड आणि जनरल मोटर्स गाशा गुंडाळून गेले. प्रीमियर राहिली आणि १९५४ पासून फियाट ११०० करू लागली. पण वालचंद ८ एप्रिल १९५३ रोजीच गेले. आमच्या गाडीची आजीसुद्धा त्यांनी पाहिली नाही. १९७४ मध्ये 'पद्मिनी' नाव लागलं, २००० च्या आगेमागे उत्पादन थांबलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. वर्तमानपत्रांनी तिच्यावर जेवढं लिहिलं तेवढं काही मंत्र्यांवरही लिहीत नाहीत. सुटे भाग मात्र कुठे कुठे अजून शिल्लक आहेत. मुंबईहून पिस्टन आले, जुन्या खोक्यात, नव्या कागदात.

मिस्त्रींनी प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये ठेवून तिच्या कापाची फट पात्याने मोजली. पिस्टनवर चढवताना काप एकाखाली एक येऊ दिले नाहीत. "नाहीतर ऑइलला जिना करून दिल्यासारखं होतंय," म्हणाले. हे सगळं त्यांचा नातू बघत होता. म्हणजे मोबाइल बघत होता आणि अधूनमधून पाना देत होता. मिस्त्रींच्या हाताखाली पूर्वी चार पोरं असायची. आता नव्या गाड्यांच्या शोरूमला जातात. मिस्त्री हे तक्रार म्हणून सांगत नव्हते, पण फीलर गेज पुसून डब्यात ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.

पुढचे पाचशे किलोमीटर गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही, अशी आज्ञा झाली. मी बार्शीचा रस्ता निवडला. वालचंदांनी जिथून सुरुवात केली तिकडेच नवे पिस्टन रुळवावेत म्हणून. बैलगाड्यांनी ओव्हरटेक केलं नाही एवढंच. पाचशे झाल्यावर ऑइल बदललं, हजार झाल्यावर मिस्त्रींनी डिपस्टिक काढली, फडक्याने पुसली, पुन्हा बुडवली आणि उन्हात धरून पाहिली.

"थोडं खाल्लंय."

माझा चेहरा पडला असावा.

"बोटाच्या पेराएवढं पण नाही ओ. अजिबात खाल्लं नाही तर भिंत कोरडी पडंल, नव्या रिंगा जातील." त्यांनी डिपस्टिक परत खोचली. "आता पासिंगला घेऊन जावा."

पासिंगच्या माणसाने गाडीमागे उभं राहून मला रेस करायला लावलं, दोनदा. मग खाली वाकून पाहिलं आणि नाव लिहून घेतलं. पाच वर्षं मिळाली. चिरंजीवांना फोन केला तर म्हणाले, "बरं झालं. दिवाळीला पुण्याला याल ना? पण बाबा, रेल्वेने या."