जुन्या गाडीचे फ्युएल इंजेक्शन बिघडले? आधी वायर तपासा, मग कंट्रोल युनिट

जर्मनीच्या बॉश कंपनीने १९६७ मध्ये 'डी-जेट्रॉनिक' ही इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन प्रणाली आणली. फोक्सवॅगन १६००, पोर्शे ९१४, व्होल्वो १८०० ई आणि मर्सिडीज २५० सीई या गाड्यांत ती बसवली गेली. आज या गाड्या जपणाऱ्यांची नेहमीची तक्रार म्हणजे गाडी मध्येच बंद पडते किंवा काळा धूर सोडते. अशा वेळी पहिला संशय कंट्रोल युनिटवर जातो आणि महागडा जुना डबा शोधण्याची धावपळ सुरू होते. पण बहुतेकदा दोष वायर, कनेक्टर किंवा अर्थमध्ये निघतो.

बॅटरी आणि अर्थ
सुरुवात इथूनच करावी. इंजिनवरचे अर्थ सोडवून, घासून पुन्हा घट्ट बसवावेत. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर असेल तर तो साफ करावा.

पंप
चावी ऑन केल्यावर पंपाचा आवाज एक-दोन सेकंद येऊन थांबला पाहिजे. आवाजच नसेल तर फ्यूज, रिले आणि पंपाची वायर पाहावी. पेट्रोलचा दाब साधारण २ बार असतो.

तापमान सेन्सर
याचा रेझिस्टन्स २० अंश सेल्सिअसला सुमारे २,५०० ओहम, तर ८० अंशांना सुमारे ३०० ओहम भरतो. याची वायर तुटली की कंट्रोल युनिटला इंजिन कडाक्याच्या थंडीत आहे असे वाटते आणि ते जास्त पेट्रोल सोडते. मग गाडी काळा धूर सोडते आणि गरम झाल्यावर स्टार्ट होत नाही.

ट्रिगर कॉन्टॅक्ट
डिस्ट्रिब्युटरच्या तळाशी इंजेक्शनचे वेगळे कॉन्टॅक्ट असतात. चार सिलिंडरच्या गाडीत प्रत्येक कॉन्टॅक्ट दोन इंजेक्टर चालवतो. त्यामुळे दोन सिलिंडर एकदम गप्प झाले, तर आधी हे कॉन्टॅक्ट आणि त्यांची वायर पाहावी.

इंजेक्टर
प्रत्येकाचा रेझिस्टन्स सुमारे २.४ ओहम. चालतो का हे पाहायला त्याला थेट १२ व्होल्ट देऊ नयेत, कॉइल जळते.

लपलेला दोष
गाडी गरम झाल्यावरच बिघाड होत असेल, तर इंजिन चालू ठेवून वायरिंग थोडे-थोडे हलवून पाहावे. जिथे इंजिन अडखळते, तिथेच दोष असण्याची शक्यता जास्त.

रेझिस्टन्स मोजताना चावी बंद आणि कंट्रोल युनिटचा प्लग काढलेला असावा. तडे गेलेले पेट्रोलचे पाइप आधी बदलावेत. गळणारे पेट्रोल आणि वायरीची ठिणगी एकत्र आली, तर गाडीच पेटते.

एवढे सगळे बरोबर निघाले, तरच कंट्रोल युनिटकडे वळावे. साध्या मल्टिमीटरने केलेली तासाभराची मोजणी मोठा खर्च वाचवू शकते.