शून्य कुठे ठेवायचं?

जत्रेत फुगे फोडायची बंदूक ज्याने हातात घेतली आहे त्याला हे माहीत असतं: नेम लाल फुग्यावर धरायचा आणि फुटतो शेजारचा पिवळा. दोन-तीन छरे वाया गेले की हुशार पोरगं पिवळा फोडायचा असताना मुद्दाम लालवर नेम धरतं. बंदूक जिथे बघते आणि छरा जिथे जातो, यातला फरक त्याने मनातल्या मनात वजा केलेला असतो. फौजेत आणि नेमबाजीत हा फरक काढून टाकण्याला 'झिरोइंग' म्हणतात. ही वजाबाकी माणसाच्या डोक्यातून काढून लोखंडात घालायची खटपट गेली दीडेकशे वर्षं चालू आहे. मी काही बंदूकवाला नव्हे, पण इंजिनिअर म्हणून या खटपटीचा इतिहास वाचायला लागलो आणि त्यात अडकलो.

आधी यंत्र समजून घेऊ. रायफलवरच्या दुर्बिणीला जुन्या रेडिओसारखे दोन नॉब असतात, त्यांना टरेट म्हणतात. वरचा उंचीसाठी, बाजूचा डाव्या-उजव्या दिशेसाठी. फिरवला की टिक-टिक वाजतो, आणि प्रत्येक टिकला नेम एका ठरावीक कोनाने सरकतो. बऱ्याच दुर्बिणींमध्ये ही टिक पाव मिनिटाची असते. इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, 100 यार्डांवर साधारण 1 इंच. गोळी नळीतून सुटल्या क्षणापासून खाली पडत असते, म्हणून लांबच्या निशाण्यासाठी नळीचं तोंड किंचित वर लागतं. वरचा नॉब तेवढं करतो. 600 यार्डांचं काम झालं की तो परत फिरवायचा. कुठपर्यंत? शून्यापर्यंत.

गंमत अशी, की हे शून्य कुठे आहे ते दुर्बीण बनवणाऱ्या कारखान्याला माहीत नसतं. ते ठरतं तुमच्या रायफलीवर, दुर्बीण बसवण्याच्या पद्धतीवर, काडतुसावर आणि तुम्ही गाल कुठे टेकवता यावरसुद्धा. म्हणून आधी 100 यार्डांवर गोळ्या झाडून, नॉब फिरवत फिरवत, नेम आणि गोळी एकत्र आणायची. तेव्हा नॉबवरचा आकडा काहीही असू शकतो, समजा 7. मग बारीक स्क्रू सैल करायचे, आतली यंत्रणा जागची न हलवता फक्त आकडे कोरलेलं बाहेरचं कडं फिरवून 0 खुणेसमोर आणायचा आणि स्क्रू आवळायचे. आवळताना एक टिक जरी सरकली तरी सगळं मुसळ केरात, म्हणून शेवटी पुन्हा दोन-चार गोळ्या झाडून खात्री करायची. अकरावीच्या प्रॅक्टिकलला स्क्रू गेजची झिरो एरर दर वेळी वजा करून आपण वह्या भरल्या. इथे पट्टीच सरकवून टाकतात. जुने दुकानदार तराजूच्या हलक्या पारड्याला पासंग बांधायचे, त्यातलाच हा प्रकार.

सुरुवातीला हे कडं वगैरे काही नव्हतं. अमेरिकेत विल्यम माल्कम 1855 पासून न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजला रायफलींच्या दुर्बिणी बनवत होता. नळीएवढ्याच लांब, आणि फिरवाफिरवीची सोय दुर्बिणीच्या आत नसून तिला धरणाऱ्या मागच्या बैठकीत. त्याच सुमाराला ब्रिटनमध्ये कर्नल डेव्हिडसन याची दुर्बीण आली. हा मुंबई इलाख्याच्या फौजेत नोकरी करून परतलेला स्कॉटिश माणूस. व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या अंगाला बसणारी त्याची दुर्बीण अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेच्या नेमबाजांनी वापरली. उंची बदलायची म्हणजे दुर्बिणीचं पुढचं टोक हाताने वर-खाली सरकवायचं आणि स्क्रूने आवळायचं. पुन्हा पहिल्या जागी यायचं तर भरवसा डोळ्यावर आणि सवयीवर.

पण खरा धडा मिळाला तो पहिल्या महायुद्धात. 1914 च्या शेवटी खंदकांची लढाई सुरू झाली तेव्हा जर्मनांकडे दुर्बीणवाल्या रायफली मुबलक होत्या आणि ब्रिटिशांकडे जवळजवळ नव्हत्या. हळूहळू त्या येऊ लागल्या. 1915 मध्ये हेस्केथ-प्रिचर्ड नावाचा गृहस्थ फ्रान्समध्ये आघाडीवर पोचला. शिकारी, हॅम्पशायरकडून खेळलेला वेगवान गोलंदाज, भुताच्या गोष्टींचा लेखक, आणि जन्म झाशीचा. त्याने पलटणींमधल्या या महागड्या रायफली तपासल्या तर बहुतेक भलतीकडेच मारत होत्या. त्याचं 'स्नायपिंग इन फ्रान्स' हे 1920 चं पुस्तक वाचताना मला हा भाग सगळ्यात ओळखीचा वाटला. या रायफली खंदकाच्या सामानात मोडत. एक पलटण मागे गेली की फावडी, पत्रे, पंप यांच्यासोबत रायफलही नव्या पलटणीच्या ताब्यात जाई. आधीच्या माणसाने शून्य कुठे ठेवलं होतं, नॉबला मधल्या काळात कोणी हात लावला, दुर्बिणीची बैठक सैल झाली का, यातलं काहीच सोबत येत नसे. कोणाच्या तरी लॅपटॉपवर चालणारा कोड नोंदीशिवाय आपल्या गळ्यात पडतो तेव्हा आपण फार तर रात्र जागवतो. इथे नवा माणूस भोकातून नेम धरायचा, गोळी हातभर बाजूला जायची, आणि समोरच्याला कळायचं की भोक कुठे आहे.

हेस्केथ-प्रिचर्डने त्यावर काढलेला उपाय यंत्राचा नव्हता. तो पलटणींमध्ये फिरून रायफली एकेक करून झिरो करून देऊ लागला, दुर्बीण ठरावीक माणसाच्याच हातात राहावी असा आग्रह धरू लागला, आणि 1916 मध्ये त्याने लिंगेम इथे शाळाच काढली. त्यातून ब्रिटिशांचे जीव वाचले हे खरं. ते जर्मनांचे घेऊन वाचले, हेही खरं, आणि पुस्तकातला शिकारीचा उत्साही सूर आज वाचताना काही ठिकाणी घशाशी येतो.

हा धडा दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश रायफलीत दिसतो. नंबर फोर (टी) रायफलीच्या लाकडावर तिच्या दुर्बिणीचा क्रमांक ठोकलेला असे. ही दुर्बीण याच रायफलीची, जोडी फोडायची नाही. दुर्बीण होती नंबर 32, मुळात ब्रेन गनसाठी आखलेली, फक्त तिप्पट मोठं दाखवणारी. उंचीच्या ड्रमवर मिनिटं नव्हती, सरळ अंतरं होती, 1000 यार्डांपर्यंत. शिपायाने गणित करायचं नाही. 400 यार्ड वाटले तर 4 लावायचा. कल्पना छानच. पण पहिल्या आवृत्तीत आडव्या दिशेची एकेक टिक दोन मिनिटांची होती, म्हणजे 400 यार्डांवर आठ इंचांची उडी. आणि शून्य बसवण्याची पद्धत इतकी किचकट, की वेगळं हत्यार लागायचं आणि तिसरा हात असता तर बरं झालं असतं: एका हाताने ड्रम धरा, दुसऱ्याने आतला स्क्रू, मग हत्यार कोण फिरवणार? दुसऱ्या आवृत्तीत टिक एका मिनिटावर आली, तिसरीत कडं सरकवणं सोपं झालं. लढाई चालू असतानाच या सुधारणा झाल्या, त्यावरून तक्रारी किती आल्या असतील ते समजतं.

सोव्हिएत रायफलींच्या पीयू दुर्बिणीचा ड्रमही असाच अंतरांचा, 13 पर्यंत, म्हणजे 1300 मीटर. तोच वारसा ड्रागुनोव्हच्या दुर्बिणीत आला, आणि ड्रागुनोव्ह आपल्या सैन्यात वर्षानुवर्षं आहे. अमेरिकन मरीन मात्र अनर्टल कंपनीची जुन्या ढंगाची लांब दुर्बीण घेऊन लढले. नॉब मागच्या बैठकीत, पाव मिनिटाच्या टिका, अगदी वर्कशॉपमधल्या मायक्रोमीटरसारख्या. बार झाला की धक्क्याने दुर्बीण बैठकीत पुढे घसरायची आणि दर गोळीनंतर ती हाताने मागे ओढावी लागायची. व्हिएतनाममध्ये कार्लोस हॅथकॉकच्या रायफलीवर हीच होती.

बारीक टिकांची एक अडचण मात्र उरली. पाव मिनिटाच्या टिकांनी 1000 यार्डांपर्यंत जायचं तर नॉबला एकाहून जास्त फेरे पडतात. अंधारात, घाईत परत आणताना नॉबवर 0 दिसतो, पण तो कुठल्या फेरीतला? एक फेरी चुकली तर पुढची गोळी निशाण्याच्या कितीतरी वरून जाते. अमेरिकन सैन्याने 1988 मध्ये एम 24 रायफल घेतली तेव्हा तिच्या दहापट दुर्बिणीत यावर रांगडा तोडगा होता: उंचीची टिक मुद्दाम जाड, एका मिनिटाची, म्हणजे सगळी अंतरं एकाच फेरीत मावतात. अचूकता थोडी सोडली आणि फेरी विसरण्याची शक्यताच संपवली. मला हा निर्णय फार आवडतो. आता 'झिरो स्टॉप' मिळतो, नॉब शून्यापाशी ठक्कन अडतो, पुढे फिरतच नाही. अंधारात बोटांना कळतं.

ऑलिंपिक रायफलीवर दुर्बीण चालत नाही, बारीक भोकाचं डायऑप्टर असतं. नॉब आणि टिका मात्र त्यालाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये 2024 साली ज्या प्रकारात कांस्य मिळवलं, त्यात गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून असं तीन तऱ्हांनी मारायचं असतं. तऱ्हा बदलली की शरीर बदलतं, गाल बदलतो, गोळीची जागा हलते. म्हणून नेमबाज प्रत्येक तऱ्हेसाठी किती टिका ते लिहून ठेवतात. एकाच रायफलीची तीन शून्यं.

आणि बीजिंग, 2008. अभिनव बिंद्रा 10 मीटर एअर रायफलच्या अंतिम फेरीत 596 गुणांवर पोचला. तिथे दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. अंतिम फेरीआधी सरावाचा पहिला शॉट त्याने मारला तो चारच्या घरात लागला, म्हणजे जवळजवळ दीड सेंटिमीटर बाहेर. मधल्या वेळात कुणीतरी साइटला हात लावला असावा, असं त्याने पुढे सांगितलं. हातात काही मिनिटं होती. कोणी, का, हे विचारत बसण्यात ती गेली असती. त्याने नॉब फिरवायला घेतला, सराव शॉट मारत शून्य पुन्हा शोधलं, आणि मोजणीचा पहिला शॉट 10.7 लागला. शेवटचा 10.8, एकूण 700.5.