कळलावीची कहाणी

श्रोतेहो, भाद्रपद आला की केळव्यासकट साऱ्या कोकणपट्टीत कुंपणावर कळलावी फुलते. फूल ज्वाळेसारखे, म्हणून संस्कृतात ती अग्निशिखा. तिचा कंद विषारी, हे तुम्ही जाणताच. पण त्या विषाची कहाणी ऐका.

या विषाचे नाव कोल्चिसीन. युरोपातल्या एका कंदातही ते असते. गाऊट, म्हणजे यूरिक आम्लाचे कण सांध्यात साचून होणारा दाह, यावर तिकडे तो कंद शेकडो वर्षे देत. १८२० साली फ्रान्समध्ये पेल्त्ये आणि काव्हांतू यांनी त्यातले द्रव्य वेगळे काढले.

पुढे वैद्यकाला उमगले की, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबी साचते तिथेही दाह धुमसतो. मधुमेह आणि पोटावरची चरबी त्याला सरपण पुरवितात. मग ऑस्ट्रेलिया व नेदरलँड्समधल्या ५,५२२ हृदयरुग्णांवर परीक्षा झाली. रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसीन घेणाऱ्यांत झटका, पक्षाघात यांसारखी संकटे जवळजवळ एक-तृतीयांशाने घटली, असे २०२० साली दिसले. २०२४ सालच्या दुसऱ्या मोठ्या परीक्षेत मात्र, झटका नुकताच येऊन गेलेल्यांना असा लाभ आढळला नाही.

कोणी म्हणेल, “मग कंद कुंपणावरच आहे की!” छे, छे! गोळीतला अर्धा मिलिग्रॅम मोजलेला असतो. कंदातले विष कोण मोजणार? त्याला हमखास उतारा नाही. गुरुजी, मुलांना फूल लांबूनच दाखवा. आणि आपला दाह आवरायचा तर तंबाखू सोडा, रोज चाला, साखर नि रक्तदाब तपासून घ्या. औषधाचे डॉक्टरांना विचारा.