काळ्या मखमलीपासून हिरव्या पडद्यापर्यंत

पात्राचे चित्रण एका जागी करायचे आणि प्रेक्षकाला ते दुसऱ्याच जागी दाखवायचे, ही हौस सिनेमाइतकीच जुनी आहे. त्यासाठी पात्रामागे लावायच्या पडद्याचा रंग काळानुसार बदलला. पात्रावरचा उजेड आणि पडद्यावरचा उजेड एकमेकांत मिसळू न देण्याची कसरत मात्र सव्वाशे वर्षे तशीच चालू आहे.

सुरुवात काळ्या रंगाने झाली. फ्रान्समधले जादूगार जॉर्ज मेलिएस यांनी 1897 मध्ये पॅरिसजवळ मोंत्रय येथे काचेच्या भिंतींचा आणि काचेच्याच छताचा स्टुडिओ उभारला. पुढच्याच वर्षीच्या एका लघुपटात त्यांनी स्वतःचे मुंडके काढून टेबलावर ठेवले, आणि तेही एकदा नव्हे, तीनदा. मागे काळा पडदा असला की फिल्मचा तेवढा भाग कोरा राहतो. फिल्म मागे गुंडाळून त्या जागेवर दुसरे दृश्य टिपता येते. आपल्याकडे दादासाहेब फाळके हेही जादूचे प्रयोग करणारेच, आणि त्यांच्या पौराणिक चित्रपटांतल्या चमत्कारांमागे याच जातीच्या छायाचित्रणातल्या युक्त्या होत्या. तेव्हा उजेड सूर्याचा असे. ढग आला की दोन वेळा टिपलेल्या दृश्यांचा मेळ बिघडायचा.

काळ्या पडद्याचा कळस म्हणजे 1933 चा ‘द इनव्हिजिबल मॅन’. अदृश्य माणसाचे कपडे तेवढे चालताना दिसावेत म्हणून नटाला डोक्यापासून पायापर्यंत काळ्या मखमलीत गुंडाळले, वरून कपडे चढवले आणि काळ्या मखमलीच्याच पार्श्वभूमीवर उभे केले. मखमल निवडण्याचे कारण साधे: तिच्या लवीत उजेड शोषला जातो, चमक परत येत नाही. पण या पद्धतीत खरी सावली आणि पडदा यांत फरक करता येत नसे. नटाच्या गालावर गडद सावली पडली की तिथेही भोक पडायचे.

या अडचणीवर त्याआधीच, 1920 च्या दशकात, निघालेली डनिंग पद्धत फारच हुशारीची होती. पडद्यावर निळा उजेड टाकायचा आणि नटांवर पिवळा. कॅमेऱ्यात दोन फिल्म एकमेकींना चिकटवून चालवायच्या: पुढे, आधीच चित्रित केलेल्या पार्श्वभूमीची पिवळसर-नारिंगी रंगवलेली प्रत आणि मागे कोरी कृष्णधवल फिल्म. नटांकडून येणारा पिवळा उजेड पुढच्या प्रतीतून आरपार जाई. पडद्याकडून येणारा निळा उजेड मात्र त्या रंगात अडे आणि जाताजाता पार्श्वभूमीचे चित्र मागच्या फिल्मवर छापून टाकी. म्हणजे जोडकाम कॅमेऱ्यातच पुरे होत असे. ‘किंग काँग’मध्ये ही पद्धत वापरली गेली. रंगीत सिनेमा आला आणि ती निकालात निघाली, कारण पिवळ्या उजेडातले पिवळेधमक नट रंगीत फिल्मवर दाखवणार कसे?

रंगीत चित्रपटासाठी निळा पडदा पहिल्यांदा ठसठशीतपणे वापरला तो लॅरी बटलर यांनी, ‘द थीफ ऑफ बगदाद’ (1940) मध्ये. म्हैसूरकडचा साबू त्यात चोर झाला होता. टेक्निकलर कॅमेरा लाल, हिरवा आणि निळा अशा तीन वेगळ्या निगेटिव्ह काढत असे. माणसाच्या त्वचेत निळा सर्वांत कमी, म्हणून पडद्याला निळा. काम झाले, पण केसांभोवती आणि धुराच्या कडांना निळी किनार राहायची.

ती घालवण्यासाठी डिस्नेच्या स्टुडिओने 1960 च्या दशकात वेगळीच वाट धरली. पडदा सोडियमच्या दिव्यांनी उजळायचा. या दिव्यांचा पिवळा उजेड 589 नॅनोमीटरच्या आसपासच्या अगदी चिंचोळ्या पट्ट्यातला असतो. कॅमेऱ्यातला खास लोलक तेवढाच पट्टा वेगळा काढून कृष्णधवल फिल्मवर पाठवी आणि बाकीचा उजेड रंगीत फिल्मवर. त्यामुळे पात्राची बाह्याकृती चित्रण चालू असतानाच तयार होई. पारदर्शक जाळी आणि उडते केस यांच्या कडा इतक्या नितळ की ‘मेरी पॉपिन्स’ (1964) आजही डोळ्याला खटकत नाही. हे तंत्र घडवणाऱ्यांत पेट्रो व्लाहोस होते. ‘बेन-हर’ (1959) साठी निळ्या पडद्याची सुधारित पद्धतही त्यांचीच, आणि पडदा वजा करण्याचे काम इलेक्ट्रॉनिक यंत्राकडे देणारी अल्टिमॅट ही कंपनी त्यांनीच 1976 मध्ये काढली. सोडियमच्या पद्धतीचा लोलक दुर्मीळ आणि कॅमेरा अवजड, म्हणून ती मागे पडली. गुणवत्तेच्या दृष्टीने हे दुर्दैवच म्हणायचे.

हिरव्याचे दिवस व्हिडिओने आणले. डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकात एक लाल आणि एक निळे अशा प्रत्येक जोडीमागे दोन हिरवी टिंबे असतात. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, 1976 च्या पेटंटमधली. साहजिकच हिरव्या रंगाची नोंद सर्वांत स्वच्छ होते, आणि तो उजळायला निळ्यापेक्षा कमी उजेड पुरतो.

प्रकाशयोजनेचे नियमही तेव्हाच आजच्या रूपात बसले. पडद्याला दोन्ही बाजूंनी मऊ, पसरट उजेड देतात. पूर्वी त्यासाठी ट्यूबलाइटच्या पट्ट्या असत, आता एलईडी असतात. स्पॉट मीटर कोपऱ्याकोपऱ्यावर धरून पाहतात आणि फरक अर्ध्या स्टॉपच्या (उजेडाच्या मापाच्या) आत आणतात. सुरकुतीची सावलीदेखील संगणकाला वेगळा हिरवा वाटते, म्हणून कापड ताणून बांधतात. पडदा गरजेपेक्षा जास्त उजळला तर हिरवा उजेड उसळून नटाच्या मानेवर, खांद्यावर चढतो. त्यावर नटाला दोन-तीन मीटर पुढे उभे करणे हा सर्वांत स्वस्त इलाज. मागून केसांवर दिलेला उजेडही कडा मोकळी करतो. घाईच्या चित्रीकरणात नेमकी हीच कामे ‘पोस्टमध्ये (म्हणजे चित्रीकरणानंतरच्या कामात) बघू’ म्हणून सोडली जातात आणि नंतर संगणकावर केस एकेक करून कापत बसावे लागते.

2019 च्या ‘द मँडलोरियन’ मालिकेत पडद्याऐवजी एलईडीची भलीमोठी वक्र भिंत आली. नायकाचे चिलखत चकचकीत. हिरव्या पडद्यापुढे ते हिरवेच दिसले असते, भिंतीपुढे मात्र त्यात वाळवंट उमटले. तरीही नटावरचा उजेड भिंतीवर पडला की तिच्यातले काळे रंग धुरकट होतात, त्यामुळे दिवे आडोसे लावूनच टांगावे लागतात. आणि जोडकाम पुढे ढकलायचे असेल, तर त्याच भिंतीवर कॅमेऱ्याला दिसेल तेवढाच तुकडा हिरवा करतात.