तंबू, उंट आणि कोकण

दर लाँग वीकेंडला आमच्या ग्रुपवर एकच विषय असतो: कोकण. 2021 मध्ये राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केल्यापासून तर मित्रांना चेवच चढलाय. गाडीतच बेड, गाडीतच किचन, समुद्रासमोर पार्क करायचं की झालं! पण मंडळी, छत्रपती संभाजीनगरातून अख्खा संसार घेऊन कोकणात उतरणारे आपण पहिले नव्हे. आपल्याआधी एक शहजादा गेला होता. त्याचं काय झालं ते वाचण्यासारखं आहे.

1682 च्या मार्चमध्ये औरंगजेब औरंगाबादेत येऊन राहिला. मोगलांची छावणी म्हणजे चार तंबू नव्हेत, चालतंबोलतं शहरच. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असायचे. एकात मुक्काम चालू, तेवढ्यात दुसरा पुढच्या मुक्कामी रवाना. त्याला म्हणायचे पेशखाना. (आमच्या भाषेत हॉट स्टँडबाय.) बर्नियर हा फ्रेंच डॉक्टर 1660 च्या दशकात अशा छावणीबरोबर दिल्लीहून काश्मीरला गेला होता. तो सांगतो की असा एक संच वाहायला साठावर हत्ती, दोनशे उंट, शंभर खेचरं आणि शंभर हमाल लागत. छावणीचा नकाशाही ठरलेला. रात्री उंच खांबावर आकाशदिवा टांगायचे, चुकलेला माणूस त्या उजेडाच्या रोखानं परत यायचा.

एवढ्या तोंडांना खायला कोण घालायचं? बंजारे. बैलांच्या पाठीवर धान्य लादून त्यांचे तांडे फौजेबरोबर फिरायचे. म्हणजे छावणीचा खरा सर्व्हर बैलाच्या पाठीवर होता. आणि हे सगळं गणित सपाट मुलुखाचं.

1683 च्या शेवटी संभाजी महाराजांनी गोव्यात पोर्तुगीजांना अगदी घायकुतीला आणलं होतं. शहजादा शाह आलम औरंगाबादेहून मोठी फौज घेऊन निघाला होता, तो बेळगावकडून रामघाट उतरून तळकोकणात आला. मोगल आल्यावर महाराज मागे सरले, गोवा वाचला. जानेवारी 1684 मध्ये शहजाद्यानं डिचोली उद्ध्वस्त केली. कागदावर पाहिलं तर मोहीम फत्ते.

पण मग पोटाचा प्रश्न आला. घाटाच्या अरुंद वाटेनं बैलांचे तांडे पुरेसे उतरेनात, वाटेवर मराठ्यांचे छापे. गव्हाची पोळी खाणारी फौज नाचणी-भाताच्या मुलखात, तेही जाळपोळ करून झाल्यावर! घोड्यांना आणि उंटांना इथली हवा मानवेना, वैरण मिळेना. उरला समुद्र. सुरतेहून गलबतांनी धान्य आणायचं ठरलं. पण त्यातलंही बरंचसं मराठ्यांच्या हाती लागलं. पोर्तुगीजांचा जीव ह्याच फौजेमुळं वाचला होता, पण मोगल गलबतं मांडवीच्या किल्ल्यांवरून आत घ्यायला ते काही राजी होईनात. उद्या हाच पाहुणा घर बळकावेल ही भीती. उपकार गेले तेल लावत!

शेवटी शहजादा परत फिरला. रामघाट चढताना उपासमारीत साथीची भर पडली. माणसं, घोडे, उंट वाटेतच मरत गेले. मे 1684 मध्ये शाह आलम अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) पोचला, तेव्हा फौजेची पार रया गेली होती.

ह्या मोहिमेत मोगलांचा निकाल लावणारी एकही मोठी लढाई झाली नाही, म्हणून शाळेच्या पुस्तकात ती दोन ओळींत उरकते. मला मात्र ती कुठल्याही रणसंग्रामाइतकीच महत्त्वाची वाटते. शिस्त, पैसा, हत्ती, दोन-दोन तंबू, सगळं होतं. घाटमाथ्यावर चालणारी सिस्टिम घाटाखाली चालेल का, हा प्रश्न वेळेत विचारला गेला नाही. आणि त्याची किंमत विचारू शकणाऱ्यांनी मोजली नाही. शाह आलम जगला, 1707 मध्ये बहादूरशहा म्हणून तख्तावरही बसला. फौजेबरोबर असलेला मनुची हा व्हेनिसचा वैद्यही जगला आणि त्यानं जाडजूड ग्रंथ लिहिला. पण तंबू ठोकणारे, पाणी वाहणारे, उंट हाकणारे? त्यातले किती रामघाटात राहिले, ह्याची मोजदाद कोण ठेवणार! आकाशदिवा लागत असेलही, पण त्याच्या रोखानं परत येणारं कुणी उरलं नव्हतं.