गुळवेल : बांधावरून बाजारात

आपल्या गटांच्या बैठकीत गुळवेलीचा विषय हमखास निघतो. एक म्हणते, रोज काढा प्यावा. दुसरी म्हणते, त्याने लिव्हर खराब होते. तिसरी विचारते, विकली तर पैसे मिळतील का? या वेलीचा इतिहास पाहिला तर तिघींनाही उत्तर मिळते. म्हणून आज आम्ही तोच सांगणार आहोत.

गुळवेल सह्याद्रीच्या दाट रानात वाढते, तशीच आपल्या कोरड्या मराठवाड्यातल्या बांधावरही. पान विड्याच्या पानासारखे. कांडावर कागदासारखी पातळ साल, ती नखाने खरवडली की आत हिरवे. कांड आडवे कापले की बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसतात, म्हणून संस्कृतात तिचे एक नाव ‘चक्रलक्षणिका’. तोडली तरी पुन्हा फुटते, म्हणून ‘छिन्नरुहा’. आणि ‘अमृता’ का? सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ ग्रंथात कथा आहे : राम-रावण युद्धात मेलेल्या वानरांवर इंद्राने अमृत शिंपडले, त्याचे थेंब जिथे पडले तिथे ही वेल उगवली.

त्याच्या कितीतरी आधी चरकसंहितेने बुद्धीला पोषक अशा चार औषधांत गुळवेलीचा रस सांगितला. घरोघरी मात्र ती ओळखली गेली तापाचे औषध म्हणून. कांड ठेचून काढा करायचा, किंवा पाण्यात कुस्करून गाळायचे आणि तळाशी बसलेला पांढरा साका वाळवायचा. तेच गुळवेल सत्त्व. वैद्य ते देताना माणूस, दुखणे आणि दिवस पाहून माप ठरवत.

१८६८ साली इंग्रज सरकारने भारताची अधिकृत औषधसूची काढली. तिच्यातही गुळवेल आली. पुढे मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा आधुनिक पद्धतीने अभ्यास केला. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या ३० रुग्णांवरचा त्यांचा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारासोबत गुळवेल दिलेल्या रुग्णांना जंतुसंसर्गाचा त्रास कमी झाला. म्हणजे यकृताच्या आजारातच तिचा उपयोग दिसला. पण तो रुग्णालयात, ठरलेल्या मात्रेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मग २०२० साली करोना आला. घराघरात काढे उकळू लागले. करोनाच्या काळातच ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर भागात गुळवेल गोळा करणाऱ्या कातकरी गटांना वनधन योजनेतून १ कोटी ५७ लाख रुपयांची मागणी मिळाली. रानातल्या वेलीला असा भाव मिळाला, याचा आम्हाला आनंदच आहे.

पण २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली : ती वेल खरी गुळवेलच होती का, हे तपासले नाही, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीही आहेत. २०२२ मध्ये देशातल्या १३ रुग्णालयांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटावी, तसा हा आजार दिसत होता.

यातून आम्ही काय घ्यायचे? वेल खोटी नाही आणि डॉक्टरही खोटे नाहीत. वेल बांधावरून पाकिटात गेली, पण तिची ओळख, तिचे माप आणि कुणाला द्यायची नाही हे ज्ञान मागेच राहिले.

म्हणून बायांनो, रोजचा चहा समजून काढा पिऊ नका. यकृताचा, थायरॉइडचा, सांधेवाताचा आजार असेल, पोटात बाळ असेल किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली तर काढा बंद करून लगेच दवाखाना गाठा, आणि गुळवेल घेत होतो हे तिथे सांगा. विकायची असेल तर आधी जाणकाराकडून ओळख पक्की करा. मुळासकट उपटू नका, बुंधा राखून कांड कापा. गौताळ्यासारख्या अभयारण्यातून काढू नका. बोटभर कांड बांधावर खोचले की पावसाळ्यात ते फुटते. प्रत्येक गटाने यंदा कडुनिंबाखाली दहा-दहा कांड्या लावाव्यात, आणि ओळख पटवायला गावातल्या जाणत्या आजीला सोबत घ्यावे.